देअर गुमी की दास गुमी? जर्मनमधल्या पदार्थवाचक नामांचं लिंग आणि वापर

प्रश्न | रेषाक्षर

रबरी सुट्या भागांच्या एका माहितीपत्रकाचं मराठीतून जर्मनमध्ये भाषांतर करायचं आहे. जर्मनची पातळी बी१ पूर्ण, बी२ चालू. घोडं अडलंय ते 'गुमी' (रबर) या एका नामावर. जर्मनमध्ये नामाआधीच्या आर्टिकलवरून लिंग कळतं: 'देअर' पुल्लिंगी, 'दी' स्त्रीलिंगी, 'दास' नपुंसकलिंगी. पाठ्यपुस्तकाच्या शब्दसूचीत 'दास गुमी' दिलंय, एका जर्मन कॅटलॉगमध्ये 'देअर गुमी' छापलंय आणि शब्दकोश दोन्ही देतो.

मला नेमकं हवंय ते असं:

१. रबर हा पदार्थ म्हणून सांगायचा असेल तर कोणतं लिंग घ्यावं? खोडरबर आणि रबरबँड यांनाही तेच लागतं का?

२. 'काउचुक' आणि 'गुमी' यांत फरक काय? माहितीपत्रकात दोन्ही येणार आहेत.

३. पदार्थाच्या नामाआधी आर्टिकल कधी लावायचं आणि कधी नाही? 'आउस गुमी' की 'आउस देम गुमी'? ('आउस' म्हणजे -पासून बनलेलं.)

४. पोलाद, लाकूड, काच, प्लास्टिक यांची लिंगं पाठ करण्याला काही आधार आहे का, की नुसती घोकंपट्टी?

(जर्मन शब्द उच्चाराच्या जवळ जातील असे देवनागरीत लिहिले आहेत. 'दास' आपण सवयीने तसं लिहितो, त्यातला आ प्रत्यक्षात ऱ्हस्व आहे.)

उत्तर १ | चौथी विभक्ती

तुमची दोन्ही पुस्तकं बरोबर आहेत. रबर या पदार्थासाठी डूडेन कोश 'देअर ओडर दास' ('देअर किंवा दास') असंच देतो. दोन्ही रूपं प्रमाण आहेत, एक शुद्ध आणि दुसरं बोलीतलं असा प्रकार नाही. ही मोकळीक मात्र पदार्थापुरतीच. पदार्थाकडून वस्तूकडे आलात की लिंग ठरलेलं असतं, आणि तिथे चूक झाली तर अर्थ बदलतो.

खोडरबर म्हणजे 'देअर राडीरगुमी', तिथे दुसरा पर्याय नाही. संदर्भ स्पष्ट असेल तर नुसतं 'देअर गुमी' म्हणतात. रबरबँड किंवा कपड्यात ओवायचं इलॅस्टिक म्हणजे 'दास गुमी', कारण ते 'दास गुमीबान्ट' या शब्दाचं तोडलेलं रूप आहे आणि 'बान्ट' या अर्थी नपुंसकलिंगी आहे. रबरबँडला 'देअर गुमीरिंग' असाही शब्द आहे, ऑस्ट्रियात 'दास गुमीरिंगर्ल'. केसांना लावायच्या रबराला 'हारगुमी', ते देअर आणि दास दोन्ही चालतं. च्युइंगम म्हणजे 'देअर काउगुमी', तिथे 'दास'ही मान्य आहे.

बोलीभाषेत 'देअर गुमी' म्हणजे निरोध. म्हणून दुकानात 'हाबेन झी आइनेन गुमी?' असं विचारू नका. 'आइनेन राडीरगुमी' किंवा 'आइन हारगुमी' असा पूर्ण शब्द वापरा. जर्मन माणसंही दुकानात पूर्णच शब्द वापरतात.

आता पदार्थाकडे. देअर आणि दास यांतला फरक वाक्यात नेमका कुठे दिसतो ते बघा. 'वाइश' म्हणजे मऊ हे विशेषण लावून:

नॉमिनाटिव (कर्त्याची विभक्ती): 'देअर वाइशे गुमी' / 'दास वाइशे गुमी'. आर्टिकल नसेल तर 'वाइशर गुमी' / 'वाइशेस गुमी'.

अकुझाटिव (कर्माची): 'देन वाइशेन गुमी' / 'दास वाइशे गुमी'. आर्टिकल नसेल तर 'वाइशेन गुमी' / 'वाइशेस गुमी'.

डाटिव (-ला, आणि काही शब्दयोगींनंतर): 'देम वाइशेन गुमी', आर्टिकल नसेल तर 'वाइशेम गुमी'. दोन्ही लिंगांत एकच.

गेनिटिव (-चा, -ची, -चं): 'देस वाइशेन गुमीस'. इथेही एकच.

म्हणजे चारपैकी दोन विभक्त्यांत लिंगाचा प्रश्न उद्भवतच नाही. पदार्थाचं नाम बहुतेक वेळा 'आउस' किंवा 'मिट' (-सह) नंतर येतं आणि हे दोन्ही डाटिव घेतात. त्यामुळे कॅटलॉगची पानंच्या पानं वाचूनही त्या कंपनीने कोणतं लिंग धरलंय ते कळत नाही.

माहितीपत्रकासाठी माझं मत 'देअर' घ्या असं आहे. कारण हिशेबाचं आहे: राडीरगुमीला देअरच लागतं, आणि काउगुमी, शाउमगुमी (स्पंजासारखं फेसाळ रबर), हार्टगुमी (कडक रबर) यांनाही कोशात देअर आधी आणि दास पर्यायी आहे. एक लिंग धरलं की सगळं कुटुंब त्यात बसतं, फक्त रबरबँडचा 'दास गुमी' वेगळा लक्षात ठेवायचा. कंपनीच्या आधीच्या जर्मन कागदपत्रांत 'दास' धरलेलं असेल तर मात्र 'दास'च पुढे चालवा. एका दस्तऐवजात दोन्ही येता कामा नयेत. सर्वनामही त्याच लिंगाचं हवं: 'देअर गुमी' लिहिलं की पुढच्या वाक्यात 'एअर', 'दास गुमी' लिहिलं की 'एस'. सरमिसळ होते ती इथेच, कारण दोन वाक्यांच्या मध्ये परिच्छेद बदललेला असतो.

अनेकवचन वस्तूंसाठी: 'दी गुमीस'. डाटिव अनेकवचनात 'देन गुमीस', शेवटी जादा 'न' हे अक्षर लागत नाही, कारण एस-ने होणाऱ्या अनेकवचनाला तो लागतच नाही. रबराचे प्रकार म्हणायचे असतील तर 'गुमीस' लिहू नका, 'गुमीझोर्टेन' लिहा. टायरच्या धंद्यात रबराच्या मिश्रणाला 'दी गुमीमिशुंग' म्हणतात, अनेकवचन 'गुमीमिशुंगेन'.

उत्तर २ | साचेकाम

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कारखान्यातल्या क्रमाने देतो, म्हणजे शब्द आपोआप जागेवर बसतील.

झाडाचा चीक गोठवून मिळतं ते, किंवा रासायनिक प्रक्रियेने बनवलेलं कच्चं रबर, म्हणजे 'देअर काउचुक' (झाडाचं असेल तर 'नाटूरकाउचुक'). त्यात काजळी ('देअर रूस'), गंधक ('देअर श्वेफेल') आणि इतर घटक मिसळतात. हे मिश्रण साच्यात तापवलं की गंधकामुळे रेणूंच्या साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात. ही क्रिया म्हणजे 'दी वुल्कानिझाट्सियोन', चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये शोधलेली. यातून बाहेर पडतं ते 'गुमी'. कच्चा माल काउचुक, तयार माल गुमी. म्हणून 'गुमी विर्ट आउस काउचुक हेअरगेश्टेल्ट' (गुमी काउचुकपासून बनवतात) हे वाक्य बरोबर आणि उलटं लिहिलं तर निरर्थक. अभियांत्रिकीत तयार पदार्थाच्या वर्गाला 'दास एलास्टोमेअर' म्हणतात, अनेकवचन 'एलास्टोमेरे'. टायर बनवणारी कॉन्टिनेन्टल ही कंपनी १८७१ मध्ये हानोफरला सुरू झाली तेव्हा तिच्या नावात काउचुकच होता, फ्रेंच वर्णलेखनासह.

एक मेख लक्षात ठेवा. माहितीपत्रकात एनबीआर, ईपीडीएम अशी कृत्रिम रबरांची लघुरूपं येतील. एनबीआरमधलं शेवटचं आर हे रबरासाठीच्या इंग्रजी शब्दाचं आद्याक्षर, आणि जर्मनमध्ये एनबीआरचा विस्तार 'नित्रीलकाउचुक' असा करतात. रबरी भाग पूर्ण तयार झालेला असला तरी हा विस्तार काउचुकच राहतो. तो दुरुस्त करून गुमी लिहू नका, ते पदार्थाचं ठरलेलं नाव आहे. वाक्यात लिहायचं तर 'आइन ओ-रिंग आउस एनबीआर', आर्टिकलशिवाय. नकाशाच्या शीर्षपट्टीत 'वेर्कश्टोफ (पदार्थ): एनबीआर' एवढंच येतं, तिथेही आर्टिकल नाही. कडकपणा 'हेर्टे: ७० शोर ए' असा लिहितात. 'हेर्टे' स्त्रीलिंगी.

भागांच्या नावांत लिंग शेवटच्या शब्दाचं. मराठी तत्पुरुषात हेच होतं: 'आगगाडी' स्त्रीलिंगी कारण गाडी स्त्रीलिंगी, आगीचा संबंध नाही. तसंच 'दी गुमीडिश्टुंग' (रबरी सील), 'देअर गुमीश्लाउख' (रबरी नळी), 'दी गुमीमाटे', 'देअर गुमीपुफर', 'देअर गुमीहान्टशू'. आणि 'दास गुमीबेअरशेन', कारण शेवटी 'शेन' हा लघुत्वदर्शक प्रत्यय आला की नाम नेहमी नपुंसक. माहितीपत्रकातल्या नव्वद टक्के जागी असा जोडशब्दच येणार असेल तर गुमीच्या लिंगाचा प्रश्न जवळजवळ मिटतोच. जमेल तिथे 'गुमीडिश्टुंग' लिहा आणि पुढे सरळ 'झी' हे सर्वनाम वापरा.

लिहिताना होणाऱ्या चुका:

जोडशब्द तोडून लिहिणं. 'गुमी डिश्टुंग' असे दोन शब्द जर्मनमध्ये चालत नाहीत, एकच शब्द हवा. लघुरूप किंवा सुटं अक्षर असेल तरच जोडरेघ: 'एनबीआर-डिश्टुंग', 'ओ-रिंग'.

मध्ये नको ते अक्षर घालणं. गुमी, श्टाल (पोलाद), होल्त्स (लाकूड) यांना जोडताना मध्ये काही लागत नाही. पण 'वोले' (लोकर) मधला शेवटचा ए गळतो: 'वोलमांटेल', 'बाउमवोलहेम्ट'. उलट 'झाइडे' (रेशीम) ला 'न' हे अक्षर लागतं: 'झाइडेनशाल'.

तीन एफ बघून घाबरणं. 'कुन्स्टश्टोफ' (प्लास्टिक) अधिक 'फेन्स्टर' (खिडकी) लिहिताना ओळीने तीन एफ येतात. १९९६ च्या लेखनसुधारणेपासून तेच बरोबर आहे. त्यातला एक खोडू नका.

उत्तर ३ | खडूफळा

आर्टिकलबद्दल.

पदार्थ सर्वसाधारण अर्थाने आला की आर्टिकल नाही. 'गुमी इस्ट एलास्टिश.' 'श्टाल रोस्टेट.' 'देअर टिश इस्ट आउस होल्त्स.' विशिष्ट, समोरचा, आधी उल्लेख झालेला पदार्थ असेल तेव्हाच आर्टिकल: 'देअर गुमी डीझर डिश्टुंग इस्ट श्प्र्योडे', म्हणजे या सीलचं रबर ठिसूळ झालंय. 'आइन गुमी' असं अनिश्चित आर्टिकल लावलं की तो पदार्थ राहत नाही, वस्तू होते.

मराठी माणसाची ठरलेली चूक 'फोन' (-चा, -ची, -चं) हा शब्द वापरण्याची. 'लाकडाचं टेबल' मधला 'चं' डोक्यात असतो, म्हणून 'आइन टिश फोन होल्त्स' लिहिलं जातं. पदार्थ सांगायला 'आउस' हवं, किंवा सरळ 'होल्त्सटिश'. 'लाकडी' सारखी विशेषणं जर्मनमध्ये आहेत, 'ह्योल्त्सर्न', 'श्टेलर्न', 'आइझर्न', पण रोजच्या आणि तांत्रिक लेखनात त्यांच्यापेक्षा जोडशब्द चालतो. 'आइझर्न' तर लाक्षणिक अर्थानेच अधिक येतं, 'आइझर्ने डिस्त्सिप्लीन' म्हणजे कडक शिस्त. गुमीला असं विशेषणच नाही. 'गुमीआर्टिश' म्हणजे रबरासारखं, रबरी नव्हे. रबराचा किंवा डिंकाचा थर दिलेलं असेल तर 'गुमीर्ट': डिंक लावलेलं पाकीट म्हणजे 'गुमीर्टर ब्रीफउमश्लाग'.

मापं सांगतानाही 'फोन' नको: 'आइन किलो गुमी', 'द्राय टोनेन श्टाल'. मापाचा शब्द पुल्लिंगी किंवा नपुंसक असेल तर तो संख्येनंतरही एकवचनात राहतो, 'त्स्वाय श्ट्युक', 'द्राय ब्लाट पापीअर'. स्त्रीलिंगी असेल तर अनेकवचन घेतो, 'द्राय टोनेन', 'द्राय रोलेन द्राट'.

आता आर्टिकलच नसेल तर लिंग शिकायचं कसं? विशेषणाच्या शेवटातून. आर्टिकल नसलं की विशेषण त्याचं काम अंगावर घेतं. जर्मन वेष्टनं आणि कपड्यांच्या पट्ट्या यासाठी उत्तम आहेत: 'एश्टेस लेडर' (एस, म्हणून दास), 'राइने शुरवोले' (ए, म्हणून दी), 'होखवेर्टिगर एडेलश्टाल' (एर, म्हणून देअर). किराण्यातही तेच, 'फ्रिशे फोलमिल्श', 'नाट्यूर्लिशेस मिनेरालवासर'.

पण 'आउस' मागे असेल तर हे वाचन बदलतं. 'आउस राइनर वोले' मधला एर बघून वोले पुल्लिंगी समजू नका, स्त्रीलिंगी डाटिवचा शेवट एर असतो. 'आउस मासिवेम होल्त्स' मधल्या एम वरून एवढंच कळतं की नाम स्त्रीलिंगी नाही, देअर की दास ते कळत नाही. आणि चमच्यांवर कोरलेला 'रोस्टफ्राय' (न गंजणारं) हा शब्द तिथे एकटाच असतो म्हणून कसलाच शेवट घेत नाही, तिथून लिंग शोधायला जाऊ नका.

रेषाक्षर

खूपच नेमकं मिळालं, आभार. विशेषणाच्या शेवटाची गोष्ट वर्गात शिकलो ती तक्ता म्हणून, अशी वाचण्यासाठी कधी वापरली नव्हती. चौथा प्रश्न अजून उरलाय, आणि त्यातच 'प्लास्टिक' ला एका ठिकाणी 'दी' लावलेलं दिसलं. शिवाय मसुद्यातली पाच वाक्यं खाली देतो, तपासाल का?

अ) दी डिश्टुंग इस्ट आउस देम गुमी.
आ) देअर गुमी इस्ट आल्ट. एस हाट रिसे.
इ) वीर ब्राउखेन त्स्वाय किलो फोन वाइशेम गुमी.
ई) दास गुमीश्लाउख इस्ट श्वार्त्स.
उ) दास रोर इस्ट फोन रोस्टफ्रायेम श्टाल.

उत्तर ४ | तीन लिंगं

चौथ्या प्रश्नाला दोन बाजूंनी भिडा.

पहिली बाजू, गट. शुद्ध धातू जवळपास सगळे 'दास': गोल्ट, झिल्बर, आइझेन, कुप्फर, ब्लाय, त्सिंक, त्सिन, निकेल, टिटान, आलुमीनियुम. बांधकामाचा माल आणि दगड बहुतेक 'देअर': बेटोंग, त्सेमेंट, म्योर्टेल, गिप्स, काल्क, झान्ट, कीस, लेम, ग्रानीट, मार्मोर, शीफर, आस्फाल्ट. शेवटी 'श्टोफ' असेल तर 'देअर', त्याला अपवाद नाही: कुन्स्टश्टोफ, वेर्कश्टोफ, क्लेबश्टोफ, डेमश्टोफ, आणि रसायनातले झाउअरश्टोफ (ऑक्सिजन), वासरश्टोफ (हायड्रोजन), कोलेनश्टोफ (कार्बन) सुद्धा. शेवटी ए ऐकू आला तर 'दी' धरा: वोले, झाइडे, पापे (पुठ्ठा), कोले, क्राइडे, युटे (ताग), ब्रोंझे. अपवाद 'दास गेवेबे' (कापड, विणलेला पट), कारण पुढे 'गे' आणि मागे 'ए' असलेली अशी समूहवाचक नामं नपुंसक असतात. रासायनिक प्लास्टिकांची नावं 'दास': नायलोन, पोलीएथिलेन, पोलीस्टिरोल, पोलीआमीट, झिलिकोन.

झिलिकोनवर भाषांतरकाराने जरा थांबावं. सील बनवायचं लवचिक सिलिकॉन ते 'झिलिकोन', चिप बनवायचं मूलद्रव्य सिलिकॉन ते 'झिलित्सियुम'. मराठीत आपण दोघांनाही सिलिकॉन म्हणतो, त्यामुळे मूळ मजकुरात कोणतं अभिप्रेत आहे ते आधी ठरवा.

मिश्रधातूंचं म्हणाल तर ते पुल्लिंगी असतात, 'देअर श्टाल' सारखे.

दुसरी बाजू मराठीची. आपल्याला तीन लिंगं फुकट मिळालेली आहेत, ती वापरा. आधी मराठी शब्दाचं लिंग म्हणा, मग जर्मन. जुळलं तर वहीत लिहूसुद्धा नका. सोनं ते, लोखंड ते, तांबं ते, शिसं ते, जस्त ते, लाकूड ते, चामडं ते, मेण ते: जर्मनमध्ये सगळे 'दास' (गोल्ट, आइझेन, कुप्फर, ब्लाय, त्सिंक, होल्त्स, लेडर, वाक्स). दगड तो, चुना तो: 'देअर श्टाइन', 'देअर काल्क'. लोकर ती, माती ती: 'दी वोले', 'दी एअर्डे'.

पाठ करायचे ते न जुळणारे, आणि ते मूठभरच निघतात:

चांदी ती, पण दास झिल्बर.
काच ती, पण दास ग्लास.
कागद तो, पण दास पापीअर.
पोलाद ते, पण देअर श्टाल.
वाळू ती, पण देअर झान्ट.
सिमेंट ते, पण देअर त्सेमेंट.
डांबर ते, पण देअर टेअर.
कापूस तो, पण दी बाउमवोले.
रेशीम ते, पण दी झाइडे.
कोळसा तो, पण दी कोले.
खडू तो, पण दी क्राइडे.

चुका इथेच होतात, कारण बोलताना मराठी लिंग आपोआप तोंडात येतं. 'रबर तुटला' म्हणणारा 'देअर गुमी' म्हणतो आणि 'रबर तुटलं' म्हणणारा 'दास गुमी'. गुमीच्या बाबतीत दोघेही सुटतात, श्टालच्या बाबतीत सुटत नाहीत.

झाडांची नावं लाकूड म्हणूनही येतात, आर्टिकलशिवाय: 'आइन टिश आउस आइशे' (ओक), 'आउस बुखे', 'आउस कीफर'. बहुतेक झाडं 'दी'. यात 'दी कीफर' म्हणजे पाईन आणि 'देअर कीफर' म्हणजे जबडा, एवढं सांभाळा.

उत्तर ५ | साचेकाम

वरच्या मिश्रधातूंच्या वाक्यात सुधारणा हवी. तो गट लिंगाने एक नाही. 'देअर श्टाल', 'दी ब्रोंझे' आणि 'दास मेसिंग' (पितळ), तीन मिश्रधातू, तीन लिंगं. ब्रोंझे तर वरच्या ए-च्या यादीतच आहे. मराठीत पितळ 'ते', म्हणून मेसिंग लगेच जुळतं.

श्टालचं अनेकवचन 'श्टेले', आणि ते पोलादाचे प्रकार या अर्थानेच. पोलादी कांबींच्या संख्येसाठी ते वापरू नका. लाकडाचे प्रकार 'ह्योल्त्सर'. चिकणमातीला 'देअर टोन', तिचे प्रकार 'टोने'. तोच 'देअर टोन' ध्वनी या अर्थी असेल तर अनेकवचन 'ट्योने'. बेटोंगला बोलण्यात शेवटी ङ्ग सारखा अनुनासिक येतो, ऑस्ट्रियात 'बेटोन' असं लांब म्हणतात. लिंग दोन्हीकडे 'देअर'.

प्लास्टिकला 'दी' दिसलं ते चूक नसणार. 'दास प्लास्टिक' म्हणजे पदार्थ, त्याला अनेकवचन नाही. 'दी प्लास्टिक' म्हणजे शिल्प, अनेकवचन 'प्लास्टिकेन', आणि तो शब्द कलेच्या संग्रहालयात सर्रास असतो. तांत्रिक मजकुरात मात्र दोन्ही टाळून 'कुन्स्टश्टोफ' लिहा. 'प्लास्टिक' बोलण्यातला शब्द आहे, पिशवीला 'प्लास्टिकट्युटे' म्हणतात तेव्हा ठीक वाटतो, सुट्या भागाच्या वर्णनात सैल वाटतो. पूर्व जर्मनीत 'दी प्लास्टे' हेही ऐकू येईल. श्कोपाउ इथल्या बूना कारखान्याची 'प्लास्टे उंट एलास्टे आउस श्कोपाउ' ही पूर्व जर्मनीच्या काळातली जाहिरात तिथे अजून लोकांच्या तोंडी आहे. त्या ओळीत 'प्लास्टे' हे 'देअर प्लास्ट' चं अनेकवचन होतं, बोलण्यात त्याचं स्त्रीलिंगी एकवचन झालं.

उत्तर ६ | चौथी विभक्ती

पाचही वाक्यं घेतो.

अ) 'देम' काढा. 'दी डिश्टुंग इस्ट आउस गुमी.' त्याहून चांगलं 'दी डिश्टुंग बेश्टेट आउस गुमी'. 'बेश्टेएन आउस' हे तांत्रिक लेखनातलं नेहमीचं क्रियापद आहे.

आ) आर्टिकल 'देअर', मग सर्वनाम 'एअर': 'देअर गुमी इस्ट आल्ट. एअर हाट रिसे.' 'दास' घेतलं असतं तर 'एस' बरोबर ठरलं असतं. शिवाय रबर जुनं होऊन खराब झालंय असं म्हणायचं असेल तर 'आल्ट' पेक्षा 'श्प्र्योडे' (ठिसूळ) किंवा 'पोर्योस' (भेगाळलेलं, जीर्ण) हे शब्द नेमके. जुन्या सीलसाठी 'पोर्योस' फार चालतो.

इ) 'फोन' काढा. क्रियापद 'ब्राउखेन' अकुझाटिव मागतं, म्हणून विशेषणही अकुझाटिवमध्ये: 'वीर ब्राउखेन त्स्वाय किलो वाइशेन गुमी'. दास धरलं तर 'वाइशेस गुमी'. या वाक्यात लिंग उघडं पडतं, त्यामुळे दस्तऐवजभर जे धरलंय तेच इथे आहे ना ते तपासा.

ई) शेवटचा शब्द 'श्लाउख' पुल्लिंगी: 'देअर गुमीश्लाउख इस्ट श्वार्त्स.'

उ) 'फोन' ऐवजी 'आउस': 'दास रोर इस्ट आउस रोस्टफ्रायेम श्टाल.' विशेषणाचा एम तुम्ही बरोबर लावला आहे. उत्पादनाच्या नावात मात्र 'एडेलश्टालरोर' असा एकच शब्द येईल, लिंग 'दास', कारण 'रोर' नपुंसक.

कोणतं रूप किती चालतं हे स्वतः बघायचं असेल तर बर्लिन-ब्रांडेनबुर्ग विज्ञान अकादमीच्या डीडब्ल्यूडीएस या मोफत कोशात मजकूरसंग्रहही आहे. तिथे 'डीझर गुमी' आणि 'डीझेस गुमी' अशी दोन वेगळी शोधवाक्यं टाका. 'डीझेम गुमी' टाकून काही हाती लागणार नाही, डाटिव दोन्हींचा एकच. 'डीझेस' च्या यादीतून रबरबँडची आणि 'डीझर' च्या यादीतून खोडरबराची व निरोधाची वाक्यं वाचून बाजूला काढावी लागतील, नाहीतर मोजणी फसते. 'वाइशर गुमी' असं शोधताना 'वाइशर' हे तुलनात्मक रूपही असू शकतं ('अधिक मऊ'), म्हणून दर्शक सर्वनामावरूनच शोधलेलं बरं.